भिका नाना का जेवले नाहीत

जळगावात मी नोकरीला लागले तेव्हा माझी पहिली ख्याती झाली ती बेडूक मारणारी बाई म्हणून. फार्मसी कॉलेजात मी फार्माकॉलॉजी शिकवायचे. हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस मान डोलवायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे शेती का?" त्यापेक्षा बेडूक बरे, असं मला वाटू लागलं. फार्माकॉलॉजी म्हणजे औषध शरीरात गेल्यावर काय करतं आणि शरीर त्या औषधाचं काय करतं, याचं शास्त्र. त्या काळी ते आम्ही बेडकाच्या हृदयावर, सशाच्या डोळ्यावर आणि उंदराच्या धावपळीवर शिकवत असू. हृदय एका काडीच्या लेखणीला जोडायचं, काजळी धरलेल्या कागदावर त्याची नक्षी उमटू द्यायची, आणि मुलांनी ती नक्षी वहीत चिकटवायची. एवढ्या साध्या गोष्टीपायी मला खोली कोणी भाड्याने देईना.

शेवटी लोटू आबा पाटलांनी दिली. त्यांची शेती धरणगावकडे, घर जळगावात. त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि एकच अट घातली, "बाई, खोली तुमनीच शे. पन बेडूक घर आनानं नही." मी कबूल केलं. नंतर मी त्या घरात इतकी वर्षं राहिले की आबांच्या पत्नी काशीअक्का मला माहेरवाशिणीसारखं रागवू लागल्या आणि त्यांची मुलगी विमल माझ्याच कॉलेजात माझ्याच समोर बाकावर बसून जांभया देऊ लागली.

औषधाच्या बाई म्हटल्यावर लोक काय काय विचारतात, याला सुमार नाही. एकाने आपल्या म्हशीला लागू पडलेलं चूर्ण हुंगायला आणून दिलं. एका बाईंनी नवऱ्याच्या गोळ्या रंगाप्रमाणे वेगळ्या लावून आणल्या आणि त्यातली "रागाची" कोणती ते विचारलं. मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकाला सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि जीभ बाहेर काढून दाखवायचे.

पण सांगायची आहे ती गोष्ट जाग आणणाऱ्या औषधांची. त्यांच्याशी माझी पहिली गाठ पडली ती परीक्षेत. नशिराबादहून येणारा एक विद्यार्थी होता, अभ्यास साचलेला. कुणीतरी त्याला झोप उडवणाऱ्या गोळ्या दिल्या. पेपरला तो बसला तो ताजातवाना, डोळे लख्ख. पहिला प्रश्न पाच मार्कांचा होता. त्याने त्याचं उत्तर लिहायला घेतलं आणि वेळ संपेपर्यंत तेच लिहीत राहिला. पुरवण्यांवर पुरवण्या. पट्टीने रेघा, दोन शायांत ठळक शब्द, समासात वेलबुट्टी. दुसऱ्या प्रश्नाला त्याने हातच लावला नव्हता. मी बोलावून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, उत्तर संपतच नव्हतं."

मी त्याला झापलं, पण आतून मला फार आनंद झाला होता. पुस्तकात लिहिलं आहे की ही औषधं माणसाला हुशार करत नाहीत, फक्त जागं ठेवतात आणि हातातल्या कामाला गोचिडासारखं चिकटवतात. इतकं सुंदर उदाहरण मला घरबसल्या मिळालं होतं. पुढे कित्येक वर्षं मी वर्गात त्याचं नाव न घेता त्याची उत्तरपत्रिका सांगत असे.

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय भिका नाना समजणार नाहीत. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी लहान लहान कोठ्या असतात. त्यांत शरीराने स्वतः तयार केलेली द्रव्यं भरलेली असतात, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, डोपामिन वगैरे. भीती वाटली, पळायचं झालं, एखादी गोष्ट मनाला भावली, की शरीर त्यातलं थोडं बाहेर काढतं. ही उत्तेजक औषधं त्या कोठ्यांची दारंच सताड उघडतात. सगळा माल एकदम बाहेर. मग छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, झोप पळते, भूक मरते, आणि माणूस बोलत सुटतो. कोठ्या रिकाम्या झाल्या की वर आणखी औषध घेऊन उपयोग होत नाही. तेव्हा माणूस कोसळतो आणि झोपतो. औषध नवी ताकद देत नाही, उद्याची आजच वापरून टाकतं.

यातल्या जुन्या औषधांवर कायद्याने बंधनं आली. पण कायद्यात औषधाचं नाव लिहिलेलं असतं. मग कुठल्यातरी कारखान्यातला एखादा अतिशहाणा रसायनवाला त्या रेणूचा एक कोपरा बदलतो. शिंप्याने सदऱ्याची नुसती कॉलर बदलावी तसं. सदरा तोच, पण आता त्याचं नाव यादीत नाही. यांना डिझायनर ड्रग म्हणतात, असं मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. हे सगळं परदेशात चालत असेल, असं समजून मी वर्गात ते दोन वाक्यांत उरकायचे. आपल्याकडे एसटीतून असलं काही येईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. विमलला धरणगावकडचं स्थळ आलं. मुलगा बी. कॉम., घरची कपाशीची शेती. मुलगी बघून गेले होते, मुलाने होकार दिला होता, आणि विमल वर्गात जांभया द्यायची थांबली होती, यावरून मी काय ते समजले. आता मुलाचे वडील भिका नाना आणि आई गंगाक्का बोलणी पक्की करायला येणार होते. काशीअक्कांनी आदल्या दिवसापासून वरण-बट्टीची तयारी मांडली, कारण भिका नानांची खाण्याबद्दल पंचक्रोशीत कीर्ती होती. बट्टी चुरायची, तिच्यावर वरण, तुपाची धार, बाजूला वांग्याचं भरीत, आणि मान वर न करता जेवायचं. बोलायचं तर नावच नाही. मध्यस्थांनी तसं सांगितलंच होतं, "नाना बोलत नाहीत. पण जेवले म्हणजे होकार समजा."

रविवार होता, म्हणून मीही घरी होते. नाना आले आणि अंगणात पाय ठेवल्यापासून बोलू लागले. एसटीबद्दल, कंडक्टरबद्दल, कपाशीच्या बोंडअळीबद्दल, त्यांच्या भावाने बांध कसा कोरला याबद्दल. लोटू आबा नुसते हं हं करत होते. मग नाना मुलावर घसरले. मध्यस्थांनी मुलगा पहिल्या झटक्यात पास झाल्याचं सांगितलं होतं. नानांनी तो एकदा नापास झाल्याचं सांगितलं, विषयासकट. मुलगा चोरून बिडी ओढायचा आणि आता सोडली आहे, हेही सांगितलं. विहिरीला चैत्रात पाणी राहत नाही, हे सांगितलं. गंगाक्का पदर तोंडात धरून बसल्या होत्या. लग्नाच्या बोलणीत जे जे झाकायचं असतं ते ते नाना एकेक करून अंगणात मांडत होते, आणि तेही हसतमुखाने.

मग पानं वाढली. नानांनी बट्टी हातात घेतली, फिरवली आणि परत ठेवली. "भूकच नही शे, आबा. काय करू?"

खानदेशात बोलणीला आलेला पाहुणा पानावरून न जेवता उठतो, याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. काशीअक्कांचा चेहरा उतरला. त्यांनी आग्रह केला, गूळ-तूप पुढे केलं, साधी खिचडी टाकू का विचारलं. नाना प्रत्येकाला प्रेमाने नाही म्हणत होते आणि पुन्हा बांधाच्या गोष्टीकडे वळत होते. मधूनमधून फक्त पाणी मागत. पाणी घेऊन विमल जात होती. दुपारचे दोन वाजले तरी तेच. काशीअक्का मागल्या दाराने माझ्या खोलीत आल्या आणि मटकन खाली बसल्या.

"बाई, हाई सोयरीक काही व्हत नही. तेसनी एक घास बी लिधा नही."

मी म्हटलं, "अहो, पोट बिघडलं असेल."

"पोट बिघडनं तर मानूस इतला बोलस का?" त्यांनी डोळे पुसले. "माय, मनी पोर आठ दिन झाया हसी ऱ्हायनी व्हती."

ते ऐकून मला बसवेना. मी उठून अंगणात गेले. टळटळीत ऊन होतं. नाना भिंतीला टेकून, उन्हाकडे तोंड करून बोलत होते. आणि त्या उन्हात त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या चांगल्या मोठ्या पसरलेल्या होत्या.

आता मी आयुष्यभर सशांच्या बाहुल्या मोजलेली बाई. उजेडात बाहुली बारीक व्हायला हवी, ही गोष्ट माझ्या हाडात मुरलेली. मला राहवलं नाही. मी सरळ नानांच्या समोर उकिडवी बसले आणि त्यांच्या डोळ्यांत टक लावून पाहू लागले. एक हात त्यांच्या डोळ्यांवर आडवा धरला, काढला, पुन्हा धरला. बाहुली ढिम्म. मी अजून जवळ सरकले.

"हाई बाई कोन शे?" गंगाक्का कडाडल्या. "मना नवराना डोयामा काय देखी ऱ्हायनी?"

लोटू आबांनी कपाळाला हात लावला. एक तर पाहुणा जेवला नाही, त्यात भाडेकरू त्याच्या डोळ्यांत पाहते. नाना मात्र खूश झाले आणि मला बांधाची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी दुडक्या चालीने पळत होती. ओठ कोरडे, जबडा सारखा हलतो आहे.

"नाना," मी विचारलं, "सकाळी काही घेतलंत का? गोळी, पुडी?"

गंगाक्कांकडे एकदा पाहून नानांनी हळू आवाजात सांगितलं, आणि त्या दिवसभरात ते एवढंच हळू बोलले.

"झोप येवाले नको म्हनीसन लिधी. मांगला वखतले मी बोलनीमा घोरनू, आनि मोठा पोऱ्यानी सोयरीक मोडनी."

नानांना बसल्या जागी डुलकी लागायची सवय. मोठ्या मुलाच्या बोलणीत, नेमकं मुलीचे वडील मनातलं काही सांगत असताना, नाना मोठ्याने घोरले होते. मुलीकडचे अपमान झाला म्हणून उठून गेले. तेव्हापासून गंगाक्कांनी घरात त्यांना त्यावरून बोलायचं बाकी ठेवलं नव्हतं. या खेपेला नानांनी चंग बांधला. धुळ्याच्या ष्टँडवर एक बाबा बसायचा. हिमालयाची जडीबुटी, आळस जाईल, झोप जाईल. नानांनी पुडी घेतली होती. सकाळी निघताना एक चिमूट, आणि जळगावच्या ष्टँडवर उतरल्यावर, अजून झोप यायची नाही ना, या धास्तीने आणखी एक.

पुडी त्यांच्या बंडीच्या खिशात होती. हिरवट चूर्ण होतं, तुळशीचा वास, आणि त्यात पांढरी चमकणारी कणी. हिमालयात असली कणी उगवत नाही. ती कुठल्यातरी कारखान्यात उगवते.

मी गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. ते आले, रक्तदाब बघितला, भुवया वर गेल्या. छाती तपासली, औषध दिलं, अंधाऱ्या खोलीत शांत ठेवा, बोलू देऊ नका, काही वेगळं वाटलं तर लगेच हलवायचं, असं सांगितलं. त्यांना बोलू न देणं हे औषधापेक्षा कठीण होतं. आता हसू येतं, पण त्या वेळी आम्ही कोणी हसत नव्हतो. नानांचं हृदय कच्चं असतं तर त्या बाबाच्या चिमटीने काय केलं असतं, हे मला ठाऊक होतं, आणि त्या खोलीत ते ठाऊक असलेली मी नि डॉक्टर दोघंच होतो.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. सकाळची पुडी. दुपार उतरली, उन्हं कलली, तरी नानांच्या बाहुल्या तशाच. उतार कसा नाही? तेवढ्यात विमल पुन्हा पेला घेऊन आली. पाणी जरा गढूळ दिसलं.

"यात काय आहे गं?"

"खायचा सोडा, मॅडम. आई म्हणाली पोट साफ होऊन भूक लागेल. प्रत्येक पाण्यात चिमूटभर घालते..."

बोलता बोलता ती थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. दर वर्षी मी फळ्यावर लिहायचे ते एक वाक्य आम्हा दोघींना एकदमच आठवलं होतं.

ते वाक्य असं. ही उत्तेजक द्रव्यं क्षारधर्मी असतात आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतात. लघवी आंबट असेल तर ती वाटेला लागतात. पण सोडा पोटात गेला, लघवीचा आंबटपणा गेला, की तीच द्रव्यं वाटेतून परत रक्तात शिरतात. निरोप घेऊन उंबऱ्यापर्यंत गेलेल्या पाहुण्याला हात धरून पुन्हा पाटावर बसवावं, तसं. काशीअक्का दिवसभर तेच करत होत्या. पाहुणा जेवत नाही म्हणून सोडा, आणि सोडा आहे म्हणून पाहुणा जेवत नाही. मुलं हे वाक्य घोकतात, परीक्षक विचारतात, मी मार्क देते. पण प्रत्यक्षात ते घडताना मी कधी पाहिलं नव्हतं. कबूल करते, त्या गडबडीतही मला टाळी वाजवावीशी वाटली.

"आई!" विमल ओरडत स्वयंपाकघरात धावली. "सोड्याचा डबा दे इकडे!"

काशीअक्का डबा सोडेनात. पाहुण्याला नुसतं पाणी कसं द्यायचं, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी मी लिंबाचं सरबत द्यायला सांगितलं. लिंबाने फार मोठा फरक पडतो असं मी म्हणणार नाही. पण सोडा बंद झाला, हे महत्त्वाचं, आणि काशीअक्कांच्या हाताला काम मिळालं, हेही.

पाहुण्यांना त्या दिवशी जाऊ द्यायचा प्रश्नच नव्हता. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. एवढंच सांगते की बांधाची गोष्ट मला आजही पाठ आहे.

सकाळी चहाच्या वेळी नाना भिंतीला टेकून बसले होते, गप्प. बाहुल्या जागेवर आल्या होत्या. चेहरा ओढलेला, आणि डोळ्यांत आदल्या दिवशीचं सगळं आठवत असल्याची लाज. आपण काय काय बोललो ते त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी लोटू आबांकडे पाहिलंसुद्धा नाही. गंगाक्का पिशवी भरत होत्या, म्हणजे जायची तयारी. विमल दाराआड उभी होती, आणि तिचा हात चौकटीवर इतका घट्ट होता की मला माझी जीभ आवरता येईना. पण मी बोलायच्या आधी लोटू आबाच बोलले.

"गंगाक्का, पिशवी ठेवा," ते म्हणाले. "नानासनी बठ्ठं खरं सांगी टाकं. बिडी सांगी, नापास सांगं, विहीर सांगी. आते मी चौकशी करू तरी कसानी?"

नानांनी मान वर केली. काशीअक्का आतून कालच्या बट्ट्या तुपात परतून घेऊन आल्या. नानांनी एक चुरली. घास घेतला. मग दुसरी मागितली. नानांचं चावणं तेवढं ऐकू येत होतं, आणि काशीअक्का पदराने डोळे टिपत वाढत होत्या.

हात धुऊन नाना लोटू आबांशेजारी टेकले. आबा आता नारळाचं आणि साखरेचं काय ते बोलू लागले, तारीख कोणती धरायची, मांडव कुठे घालायचा. आबांचं वाक्य अर्धं झालं असेल नसेल, नानांची मान कलली, आबांच्या खांद्यावर विसावली, आणि घरातली भांडी हादरतील असं पहिलं घोरणं ऐकू आलं.

गंगाक्का ताडकन उठल्या. चेहऱ्यावर मोडलेली ती जुनी सोयरीक लख्ख दिसत होती. त्या नानांना गदागदा हलवणार, इतक्यात आबांनी हात आडवा केला.

"हयू, उठाडू नका," ते कुजबुजले. "मना व्याही झोपेल शे."

दाराआड विमल फुटून रडायला लागली. मीही रडले, आणि रडताना मनातल्या मनात कोठ्या कशा भरत असतील याचा विचार करत होते, धंद्याची खोड जात नाही. आबा मात्र तिथून हलले नाहीत. दुपारचं जेवणही त्यांनी तसंच, डाव्या हाताने उरकलं.

पुडीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. मी ती कॉलेजात नेली. उंदरांना कणभर दिली, ते दाण्याकडे ढुंकून न बघता पिंजऱ्यात चकरा मारत राहिले. लेप दिलेल्या काचेवर, जिथे प्रत्येक औषधाचा डाग आपापल्या ठरलेल्या जागी चढतो, तपासली, तर जुन्या माहीत असलेल्या औषधांच्या शेजारी तिचा डाग पडला, पण बरोबर त्यांच्या जागेवर नाही. कॉलर बदललेला सदरा. तिचं नेमकं नाव मला शेवटपर्यंत सापडलं नाही. मी सरकारी कचेरीत कळवलं, स्वतः धुळ्याच्या ष्टँडवर जाऊन आले. बाबा उठून गेला होता. शेजारचा चणेवाला म्हणाला, आता तो दुसऱ्या गावी बसतो, पुडीचा रंग बदललाय म्हणे. त्या बाबाला मी गाठू शकले नाही, याची चुटपुट मला आजही आहे. किती नाना त्याच्याकडून उठून एसटीत बसले असतील, आणि त्यांच्या यजमानांच्या घरी उन्हात डोळ्यांत बघणारी बाई नसेल.

विमलने धरणगावला मेडिकलचं दुकान काढलं. निवृत्तीनंतर एकदा गेले होते. गल्ल्याशेजारी लाकडी खुर्चीत नाना, आता चांगले म्हातारे, छातीवर हनुवटी टेकवून घोरत होते. तेवढ्यात एक तरणा ट्रकवाला आला आणि म्हणाला, "ताई, झोप उडावानी एखादी गोळी द्या. लांब जानं शे."

विमलने खुर्चीकडे बोट दाखवलं.

"ते माझे सासरे. त्यांनी एकदा घेतली होती, कशी असते ते त्यांनाच विचारा. फक्त त्यांना उठवायचं नाही. ते उठेपर्यंत तिथे बाकावर आडवे व्हा."

ट्रकवाल्याने नानांकडे बघितलं, मग बाकाकडे. चपला काढल्या आणि आडवा झाला.